विरजण मोडलं तेव्हा

संशय कसा घ्यायचा हे मी आईकडून शिकले, आणि शेवटी तिनं तो माझ्यावरच घेतला.

आईचं सगळं आयुष्य नाशिकला लागून असलेल्या आमच्या मळ्यात गेलं. मेथी, कोथिंबीर, शेपू आणि दसऱ्याच्या सुमाराला झेंडू. भल्या पहाटे जुड्या बांधायच्या आणि नदीकाठच्या बाजारात नेऊन विकायच्या. जुडी बांधताना टवटवीत काड्या बाहेरून लावायच्या आणि मान टाकलेल्या आत दडवायच्या, हे ती स्वतः करायची. म्हणूनच दुसऱ्याची जुडी हातात आली की ती उलटी करून, मधोमध बोटं घालून बघायची. पुढे ही सवय भाजीपुरती राहिली नाही. लग्नात कुणी पातेलं आहेर केलं तरी ती आधी त्याचं बूड बघायची. आम्ही भावंडं हसायचो. "हसा," ती म्हणायची, "वरून सगळंच हिरवं दिसतंय."

मी शिकले, गंगापूर रोडवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि लग्न होऊन तिथंच जवळ राहायला आले. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता, पाळीची नोकरी. लग्नात आईनं रीतीप्रमाणे सगळं दिलं आणि निघताना, रडारड चालू असतानाच, फडक्यात बांधलेली एक स्टीलची डबी माझ्या हातात कोंबली. तिच्यात विरजण होतं. आमच्या माहेरची ही पद्धतच आहे. लेक सासरी जाताना घरच्या दह्याचं विरजण घेऊन जाते आणि ते मोडू देत नाही. दुसऱ्याकडून विरजण मागून आणणं म्हणजे आईच्या लेखी फार मोठी नामुष्की. दुसऱ्याच्या दह्यात काय असेल याचा भरवसा काय, असं तिचं म्हणणं.

ते विरजण मी जपलं. गावाला जायचं झालं तर शेजारणीकडे वाटी ठेवून जायची, आल्याबरोबर परत आणायची. सातवीच्या वर्गात जिवाणू शिकवताना मी घरचं दही डब्यातून न्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा थेंब दाखवायची. "हे माझ्या माहेरचे पाहुणे आहेत," असं मुलांना सांगायची. मुलं डोळा लावून बघायची आणि दही खाणार नाही म्हणायची.

वडील गेले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. आई मळ्यात भावाकडेच राहिली. काही महिन्यांतच तिच्या तक्रारी सुरू झाल्या. किल्ली सापडत नाही, लुगडं कुणी नेलं. मग एकदा मी गेले असताना तिनं मला गोठ्याच्या मागे ओढलं आणि कानात सांगितलं, "वहिनी तुझी माझ्या भाजीत काहीतरी टाकते. लय कडू लागतंय."

मला वहिनीचा संशय आला. लगेच आला. आईला कुणाचा संशय आला तर तो खराच असणार, अशी आमच्या घरची समजूत होती. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं वहिनीच्या स्वयंपाकघरात गेले आणि मसाल्याचे डबे उघडून हुंगले. वहिनी दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "सगळे डबे बघून घ्या ताई, आणि मग त्यांना थोडे दिवस तुमच्याकडे न्या." मी नेलंच.

आईनं आयुष्यात लेकीच्या घरी भाकरी मोडली नव्हती. लेकीचं अन्न खायचं नसतं, हे तिच्या हाडात बसलेलं. त्यामुळे माझ्याकडे आल्यावर तिनं आपणच तोडगा काढला. रोज सकाळी माझी भाजी निवडून द्यायची, म्हणजे फुकट खाल्ल्यासारखं होत नाही. मेथीची जुडी सोडून, एकेक काडी बघून, ती पानांचा ढीग घालायची आणि मग जेवायला बसायची. तेव्हा मला वाटलं, वहिनीकडचीच हवा वाईट होती. इथं कशी सुधारली बघा, असं मी नवऱ्याला ऐटीत सांगितलंसुद्धा.

ती ऐट फार दिवस टिकली नाही. एका दुपारी मी तिच्यापुढं ताट ठेवलं, तर तिनं भाकरीचा पापुद्रा उचलून आत बघितलं, भाजी बोटानं बाजूला सारून तळ बघितला, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"आधी तू खा," ती म्हणाली.

मी हसत एक घास खाल्ला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, थोडं थांबली आणि मग जेवली. त्या दिवसापासून ती पद्धतच पडली. पहिला घास माझा, मग तिचा. नवरा चेष्टा करायचा, "सासूबाई जेवायला बसल्या की नाही, की अजून पंचनामा चालू आहे?" मीही हसायची. पुढे माझा घासही पुरेना. "तुझं काय, तू आधीच काहीतरी घेऊन आली असशील त्याच्यावर," असं ती म्हणायला लागली. मग मला हसू येईना. जिनं मला भरवलं ती माझ्या हातचं खायला घाबरते, याचा मला राग यायचा आणि रागापेक्षा जास्त रडू यायचं. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. तिनं माझ्या हातचं पोटभर खावं, माझ्या तोंडाकडे न बघता खावं, एवढंच मला हवं होतं. बाकी कशाची आशा डॉक्टरांनी ठेवली नव्हती.

डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया म्हटलं. "मेंदूच्या पेशी कमी होत जातात, वय आहे," ते म्हणाले. संशय हा त्या आजाराचाच भाग असतो, हे त्यांनी समजावलं. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, तुम्ही हिला आधी ओळखत नव्हता. संशय तिचा जुनाच होता. नवीन होतं ते एवढंच, की तो आता माझ्या दिशेनं वळला होता.

एक गोष्ट मात्र मला खुपत राहिली. आईला अधूनमधून लघवीचं इन्फेक्शन व्हायचं. ताप यायचा, डॉक्टर अँटिबायोटिक द्यायचे, ताप उतरायचा. त्यानंतर पोट बिघडायचं. आणि पोट बिघडलं की डोकंही बिघडायचं. त्या दिवसांत ती माझ्या गेलेल्या वडिलांशी बोलायची, दाराला खुर्ची लावून बसायची, मला "तू कोण गं?" विचारायची. पोट जागेवर आलं की थोडी माणसात यायची, पण पूर्वीइतकी नाही. दरवेळी एक पायरी खालीच. मला वाटायचं, मलाच तसं दिसतंय. एकदा संशयाचा चष्मा चढला की सगळीकडे काहीतरी शिजतंय असं वाटायला लागतं.

त्यातच दही लागेनासं झालं.

पहिल्या दिवशी वाटलं, दूध गार झालं असेल. दुसऱ्या दिवशी कोमट बघून घेतलं, पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळलं, सकाळी बघते तर दूध तसंच पातळ, वर विरजणाचे थिजलेले गोळे. तिसऱ्या दिवशी त्याला नासल्यासारखी तार सुटायला लागली. आधीच्या दिवसाचं दही घालून नवीन लावायचं, या नादात घरात होतं ते सगळं विरजण संपलं. इतकी वर्षं जपलेलं विरजण मोडलं. मी ओट्यापाशी उभी राहून पातेल्यात चमचा फिरवत होते, तेवढ्यात मागून आई आली. तिनं पातेलं हुंगलं.

"बघ," ती म्हणाली, "दुधात औषध हाय. म्या म्हनत होते ना? तूच टाकलंस."

नवऱ्यानं मला खुणेनं सांगितलं, बोलू नकोस. पण दुसऱ्या सकाळी दूधवाला आला तेव्हा मी त्याला दारातच थांबवलं. आमच्याकडे गंगापूर गावाच्या बाजूनं येणारं म्हशीचं दूध होतं. "दही का लागत नाही?" मी विचारलं. आधी त्यानं हवेला दोष दिला, मग माझ्या पातेल्याला. मी काही हलेना. शेवटी तो कॅनचं झाकण लावत म्हणाला, "ताई, एका म्हशीला दगडी झाली. कास लय सुजली व्हती. डॉक्टरनी सडातून औषध सोडलंय. तिचं दूध वेगळं काढायला सांगितलंय, पन एवढं टाकून कसं द्यावं?"

औषध. म्हणजे दुधात औषध होतंच. आई म्हणत होती ते अर्धं खरं निघालं आणि अर्धं साफ खोटं, आणि त्यातल्या खोट्या अर्ध्यातच माझं नाव होतं. मी दूधवाल्याला फैलावर घेतलं, त्याच दिवशी तो रतीब बंद केला आणि आत येऊन आईला सांगितलं, "आई, दुधात औषध होतं. म्हशीला दिलेलं. मी नाही टाकलं." तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चोर कधी कबूल करतोय का?"

तो सगळा दिवस माझं शाळेत लक्ष लागलं नाही. वर्ग होता सातवीचाच. अँटिबायोटिक म्हणजे जिवाणू मारणारं औषध, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं. दुधातल्या एवढ्याशा औषधानं माझ्या माहेरचं विरजण मारलं. मग आईच्या पोटात आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी जे पूर्णच्या पूर्ण कोर्स ओततोय, त्यानं तिथलं काय काय मरत असेल? आणि तिथलं काही मेलं तर त्याचा तिच्या डोक्याशी काही संबंध असेल का? हा प्रश्न कुठं लिहिलेला आहे का, ते मी शोधलं. आमच्या पाठ्यपुस्तकात पोट एका धड्यात होतं आणि मेंदू दुसऱ्या धड्यात, आणि मधल्या धड्यात फुलाचे भाग.

पुढच्या वेळी आईला घेऊन गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. दह्याची हकिगतही सांगितली. ते चांगले होते, पण त्यांच्या दाराबाहेर रांग होती.

"बाई, पोटाचा आणि मेंदूचा काय संबंध?" ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांना इन्फेक्शननंच भ्रम होतो. औषध नाही दिलं तर जास्त होईल. पाहिजे तर दही द्या, दह्यानं नुकसान काही नाही."

ते चुकीचं बोलत नव्हते. ताप अंगावर काढला असता तर आई तेव्हाच गेली असती. तरी बाहेर येताना मला वाटलं, यांना माहीत नाही, आणि माहीत नाही हे सांगायला वेळ नाही. आईचा हात धरून जिना उतरताना माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. ती म्हणाली, "तुला पन नाय पटलं ना?" त्या दिवसांत आम्हा दोघींचं एकमत झालेली तेवढीच एक गोष्ट.

आता मी निवृत्त आहे. मुलगा परदेशातून फोनवर लेख पाठवत असतो. आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात, त्यांचा तोल बिघडला की आतड्याचं अस्तर सैल पडतं, नको ती द्रव्यं रक्तात उतरतात आणि मेंदूतल्या राखणदार पेशी बिथरतात. मळ्यातला राखणदार बिथरला आणि घरच्याच माणसांवर काठी घेऊन धावला तर जसं होईल, तसं काहीसं. मेंदूत बारीक सूज धुमसत राहते आणि आजार वाढतो. असं होत असावं, असं त्या लेखांचं म्हणणं. 'असावं' हा शब्द मी दोनदा वाचते. बरंचसं उंदरांवर पाहिलेलं आहे. माणसात आजारानं पोट बिघडतं की पोटानं आजार वाढतो, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आणि लेख संपला की खाली चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूलची जाहिरात असते. ती दिसली की मी आईसारखी जुडी उलटी करते आणि आतल्या काड्या बघते.

म्हणजे मी बरोबर होते का? मला माहीत नाही. कुणी "हो" म्हटलं तर मी त्याच्याकडेही संशयानंच बघीन. कारण "हो" असेल तर मग ते सगळे कोर्स, दर वेळी तिच्या जिभेवर ठेवलेली गोळी, पाण्याचा पेला, हे सगळं मीच तर केलं होतं. ती म्हणायची, तू मला औषध घालतेस. घालत होतेच की.

असो. त्या वेळी घरात दही नव्हतं आणि डॉक्टरांनी दही द्या म्हटलं होतं. शेजारणीकडचं विरजण आणलं असतं तर आईला ते कळलं असतं, डोकं कितीही गेलं असलं तरी. मग एका रविवारी मी मळ्यात गेले. वहिनी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. मी तिला सांगितलं, माझं विरजण मोडलं. मला वाटलं होतं, आता ही डब्यांची आठवण काढणार. तिनं काही काढलं नाही. आत गेली आणि फडक्यात बांधून डबी घेऊन आली. "आत्याबाईंच्याच हातचं हाय," ती म्हणाली, "त्या तुमच्याकडं गेल्यापासून म्या एक दिवस मोडू दिलं नाय."

नवीन दूधवाल्याच्या दुधाला मी ते लावलं. सकाळी पातेलं तिरकं केलं तर दही जागचं हललं नाही. मला एवढा आनंद झाला की मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. तो पाळीवरून येऊन नुकताच आडवा झाला होता. "छान," म्हणून परत झोपला.

दुपारी आईचं ताट वाढलं. भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीत दही. मी समोर बसले, नेहमीप्रमाणे पहिला घास घ्यायला हात पुढे केला. आईनं माझा हात बाजूला केला. तिनं वाटी उचलली, हुंगली, बोटानं कड मोडून जिभेवर ठेवली. मग भाकरी दह्यात कुस्करली आणि खायला लागली. माझ्या तोंडाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. वाटी संपवली, दुसरी मागितली, तीही संपवली. मी ताटासमोर बसून राहिले आणि डोळे पुसत राहिले. तिला कळू नये म्हणून मी उगाच जमिनीवरचे कण वेचत होते.

दह्यानं तिचं डोकं सुधारलं, असं मी म्हणणार नाही. कुणी म्हटलं तरी ऐकू नका. इन्फेक्शनं पुढेही झाली, गोळ्याही द्याव्या लागल्या. एवढंच, की दही असेल त्या दिवशी ती जेवायची. तिच्या अंगावर थोडं मांसही चढलं.

दही लागलं त्याच आठवड्यातली गोष्ट. मी शाळेत निघाले होते, खांद्याला पर्स, हातात छत्री. आई दाराशी आली. पदराखाली काहीतरी लपवलं होतं. आधी मागे वळून बघितलं आणि मग पदर बाजूला केला. वाटीत दही होतं, वर दुसरी वाटी पालथी घातलेली.

"बाई, तुमी त्या शाळेकडं जाता ना?" ती म्हणाली.

तिनं आयुष्यात मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. "जाते," मी म्हटलं.

"तिथं माझी लेक शिकवते. तिचं विरजण मोडलंय. एवढं तिला द्या. आन् त्या बाईला कळू देऊ नका."

"कोणत्या बाईला?"

तिनं स्वयंपाकघराकडे मान केली. तिथं कुणीच नव्हतं. "ती. जेवनात औषध टाकते. लेकीला सांगा, तिच्या हातचं काय खाऊ नको म्हनाव."

मी वाटी घेतली. रिक्षात ती दोन्ही हातांनी धरून बसले. शाळेत दिवसभर कपाटात ठेवली आणि संध्याकाळी फडक्यात घट्ट बांधून, पर्समध्ये उभी ठेवून तशीच परत आणली. घरात शिरले तर आई सोफ्यावर बसून वाटच बघत होती.

"दिलं का?" तिनं हळूच विचारलं.

"दिलं."

"लागलं का तिचं दही?"

"लागलं. घट्ट लागलं."

तिचा चेहरा उजळला. किती तरी महिन्यांनी मी तिला असं समाधानानं हसताना बघत होते. मग ते हसू हळूहळू विरलं. तिनं दाराकडे बघितलं.

"मग ती मला भेटायला येत का नाय?"

मी तिथंच होते, तिच्यासमोर, तिची रिकामी न झालेली वाटी पर्समध्ये घेऊन. तिनं माझ्या उत्तराची वाट बघितली आणि मग स्वतःच मान हलवली. उत्तर तिचं तिलाच सापडलं होतं.

"ती बाई तिला घरात येऊ देत नसंल," ती म्हणाली.

मी पर्स खाली ठेवली, हात धुतले आणि तिचं ताट वाढायला स्वयंपाकघरात गेले.